सारख्या दोरीची वाटणी

दोघा भावांच्या भांडणाला एकतीस वर्षं झाली, तेव्हा कुठे त्यांना बहिणीची आठवण झाली. तीही बहीण म्हणून नव्हे, मोजणीबाई म्हणून.

एका खासगी मोजणी कचेरीत ती चोवीस वर्षं काम करत होती. लोकांच्या जागा, गोदामं, गच्च्या, वळणावरचे तिरके तुकडे, सगळं तिनं मोजलं होतं. उन्हात टेप धरायचा, खुंट्या ठोकायच्या, दुपारी कचेरीत बसून नकाशा काढायचा. लग्न राहून गेलं होतं. औषधाच्या दुकानावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत ती एकटी राहायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "माझा संसार सगळा नकाशावर."

तिचे वडील दोर वळायचे. साठी उलटल्यावर त्यांनी जागेची वाटणी केली ती स्वतःच्या हातानं वळलेल्या दोरीनं. एकशे वीस मीटर दोरी घेतली, तिची दोन टोकं गाठून कडं केलं आणि ते कडं आधी थोरल्याच्या वाटणीभोवती ठेवलं. चारी कोपऱ्यांवर खुंट्या मारल्या. मग तेच कडं उचलून धाकट्याच्या वाटणीभोवती ठेवलं आणि तिथेही चार खुंट्या मारल्या. हात झटकून म्हणाले, "एकच दोरी, दोघांना. उद्या कुणी म्हणायचं नाही की बापानं डावं-उजवं केलं."

थोरला सुतार होता. त्याला रस्त्याकडचा चौकोनी तुकडा मिळाला, चारी बाजू तीस-तीस मीटर. धाकट्यानं बापाचाच धंदा उचलला होता. दोर वळायला लांबी लागते. एका टोकाला चक्र फिरतं आणि वळणारा उलट्या पावली चालत जातो, म्हणून त्याला मागचा पट्टा मिळाला. पन्नास मीटर लांब आणि दहा रुंद. तीस चोक एकशेवीस. पन्नास आणि दहा साठ, त्याची दुप्पट एकशेवीस. हिशोब चोख.

पण धाकट्याला पहिल्या दिवसापासून वाटायचं की आपल्याला कमी आलंय. का, ते सांगता यायचं नाही. दादाच्या अंगणात उभं राहिलं की मोकळं वाटतं, माझ्याकडे उभं राहिलं की भिंती अंगावर येतात, एवढंच तो म्हणायचा. त्यावर थोरल्याचं उत्तर ठरलेलं असे, "दोरी सारखी, तर जागा सारखी. तुझं मनच अरुंद, त्याला मी काय करू?" सगळे हसायचे. धाकट्याला नाव पडलं कुरकुऱ्या. पुढे त्याची बायकोही रागावली की तेच नाव घ्यायची.

वडील जाऊन वीस वर्षं झाली. दोरांचा धंदा बसत बसत झोपाळ्याचे आणि व्यायामशाळेचे दोर वळण्यापुरता उरला. पट्ट्याच्या टोकाला असलेल्या धाकट्याच्या जुन्या खोल्या गळायला लागल्या, तेव्हा त्यानं नवं घर बांधायचं मनावर घेतलं. बांधकामवाल्यानं येऊन पाहिलं आणि मान हलवली. "दोन्ही अंगांना नियमाप्रमाणे जागा सोडायची म्हटली, तर मधे उरतो तो बोळ. त्यात घर नाही, आगगाडीचा डबा होईल."

धाकट्यानं थोरल्याकडे चार मीटर मागितले. थोरला उसळला. "बाबांच्या दोरीला खोटं पाडतोस?"

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. जावा मात्र भिंतीवरून एकमेकींना साखर, सुई-दोरा आणि नवऱ्यांच्या तक्रारी नेमानं देत-घेत राहिल्या.

शेवटी धाकटा बहिणीच्या कचेरीत आला. "ताई, मोजून दे."

"दोघांनी बोलावलं तर येईन," ती म्हणाली. "एकाच्या बाजूनं मी टेप धरत नाही."

दोन दिवसांनी थोरल्याचा फोन आला. "ये बये, एकदाची ये. मोज, आणि त्याचं तोंड कायमचं बंद कर."

रविवारी सकाळी ती आली. थोरला आपल्या सुतारकामाच्या छपरीच्या दारात उभा राहिला, धाकटा भिंतीपलीकडे. ती थेट कामाला लागली. थोरल्याच्या चारी बाजू मोजल्या, तीस, तीस, तीस, तीस. थोरल्यानं विजयी नजरेनं भिंतीकडे पाहिलं. मग तिनं टेपचं टोक कोपऱ्यातल्या खुंटीला अडकवलं आणि समोरच्या कोपऱ्याकडे तिरकी चालू लागली.

"आता हे कशाला?" थोरला म्हणाला.

"दादा, दाराची चौकट करतोस तेव्हा नुसत्या बाजू मोजतोस?"

चाळीस वर्षं थोरला चौकटी करत होता. बाजू कितीही बरोबर असल्या तरी कर्ण मोजल्याशिवाय त्यानं एकही चौकट घराबाहेर जाऊ दिली नव्हती. दोन्ही कर्ण सारखे असले तरच चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात. नाहीतर दार लागत नाही.

एक कर्ण अठ्ठेचाळीस मीटर भरला, दुसरा छत्तीस.

थोरल्यानं टेप तिच्या हातातून घेतला आणि स्वतः मोजलं. छत्तीसच. "अरेच्चा," तो म्हणाला, "तिरकंय की हे!"

"रस्ताच तिरका येतो. बाबांनी रस्त्याला धरून खुंट्या मारल्या." तिनं वहीत लिहिलं. "बाजू सारख्या, पण हा चौरस नाही, समभुज चौकोन. दोन कर्णांच्या गुणाकाराचं निम्मं. आठशे चौसष्ट चौरस मीटर."

"मी तर आयुष्यभर हा चौरस धरून चाललो होतो."

"दादाचंच तिरकं निघालं, तर माझं विचारायलाच नको," भिंतीपलीकडून धाकटा म्हणाला. "आता माझं मोज."

त्याचा पट्टाही तसाच तिरका होता. टोकाची बाजू दहा मीटर, पण काटकोनात धरलेली रुंदी नऊ मीटर साठ सेंटिमीटर. पन्नासला गुणलं. चारशे ऐंशी.

ती दोघांना छपरीत घेऊन आली. एकतीस वर्षांत दोघं भाऊ पहिल्यांदाच एका बाकावर बसले, मधे एका माणसाची जागा ठेवून. तिनं आकडे वाचून दाखवले. आठशे चौसष्ट आणि चारशे ऐंशी.

धाकट्यानं नुसती मान डोलावली. थोरला मात्र म्हणाला, "छे! शक्य नाही. दोरी एकच होती. मी डोळ्यांनी पाहिलीय."

"दोरी एकच होती," ती म्हणाली. "सुतळी आहे का? आणि प्लायचे सारखे चौकोनी तुकडे दे मला."

तुकड्यांचा ढीगच पडला होता. तिनं नऊ तुकडे घेऊन फरशीवर तीन बाय तीन असे लावले, त्यांभोवती सुतळी घट्ट धरून गाठ मारली. मग सगळे तुकडे बाजूला सारले आणि पाच तुकडे एका ओळीत मांडले. तीच सुतळी त्यांच्याभोवती ठेवली. सुतळी नेमकी बसली. ना सैल, ना अपुरी.

थोरला वाकला. सुतळीची गाठ त्यानं बोटानं चाचपली. पाच तुकडे मोजले. बाहेर उरलेले चार मोजले. मग परत नऊचा चौरस करून पाहिला.

"कुंपण तेवढंच," ती म्हणाली, "पण आत मावतं ते वेगळं. चौकोन जितका लांबट करशील तितकं पोट आत जातं."

थोरल्यानं चार सारख्या पट्ट्या घेतल्या, कोपऱ्यांवर एकेक खिळा मारून चौकट केली आणि ती दोन हातांनी हळूहळू कलती केली. चौकट लचकत गेली, आतली जागा चिंचोळी होत गेली आणि शेवटी चारही पट्ट्या एकमेकींना चिकटल्या. आत काहीच उरलं नाही. बाजू तेवढ्याच्या तेवढ्या होत्या.

"म्हणजे बाबा चुकले," तो म्हणाला.

"दोरवाला माणूस," ती म्हणाली. "त्यांनी जन्मभर लांबीच मोजली. त्यांना वाटलं, लांबी सारखी दिली की सगळं सारखं दिलं."

धाकट्याचे डोळे फरशीवरच्या पाच तुकड्यांवर होते. "मला वाटायचं, त्यांनी जाणूनबुजून दिलं," तो म्हणाला. "दादा लाडका म्हणून. आजारपणात त्यांचे पाय चेपताना पण मनात हेच असायचं. एकदा तर विचारणार होतो. बरं झालं विचारलं नाही." त्यानं नाक ओढलं आणि एकदम बहिणीकडे वळला. "ताई, तुला हे कधीपासून ठाऊक होतं?"

तिनं वही मिटली. "नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं."

"आणि बोलली नाहीस?"

"बाबा होते तेव्हा. त्या दोरीचा त्यांना किती अभिमान होता! आल्या-गेल्याला सांगायचे. त्यांना काय सांगू, की तुमची दोरी खोटं बोलते? ते गेले, आणि मग..." ती थांबली. "मग कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगू? मला वाटलं, तुमची जागा, तुमचं भांडण. माझं त्यात काय!"

थोरली वहिनी चहा घेऊन आली होती ती ट्रे हातात धरून तशीच उभी होती. तिनं कप ठेवले, मिटलेली वही उघडली आणि आकडे बराच वेळ पाहिले.

"एकूण किती होतात वन्सं?"

"तेराशे चव्वेचाळीस."

"आणि निम्मे?"

"सहाशे बहात्तर."

"तीननं भागलं तर?"

थोरला म्हणाला, "तीननं कशाला भागायचं?"

"तुम्ही भावंडं किती?" वहिनी म्हणाली.

मोजणीबाईनं हजारो जागांचे भाग केले होते. चुलत्या-पुतण्यांचे, सावत्र भावांचे, भांडणाऱ्या भागीदारांचे. या जागेला तिनं मनातल्या मनातही तीननं भागलं नव्हतं. ती गणितात कधी अडखळायची नाही, पण आता पेन्सिल कागदावर टेकवून बसली आणि तिला भागाकार सुचेना.

"चारशे अठ्ठेचाळीस," ती शेवटी म्हणाली.

धाकट्यानं हिशोब केला आणि त्याचा चेहरा पडला. "म्हणजे? माझ्याकडेच बत्तीस जास्त?"

कुणालाच हसू आवरलं नाही. थोरला सुद्धा हसला, पण लगेच उठला. "तिला काय करायचीय जागा? एकटा जीव." तो बायकोला म्हणाला, पण पाहिलं कुणाकडेच नाही.

एरवी बहीण म्हणाली असती, जाऊ दे. ते शब्द जिभेवर आलेही. घरात सगळ्यांच्या ओळखीचे शब्द होते ते, सणासुदीला काढायच्या भांड्यांसारखे घासूनपुसून ठेवलेले. तिनं ते गिळले.

"दादा, वाटणीच्या दिवशी बाबांनी दोरीचा एक कोपरा माझ्या हातात दिला होता," ती म्हणाली. "खुंटी मारेपर्यंत धरून ठेव म्हणाले. मी वीस वर्षांची होते. आधी तुझा कोपरा धरला, मग याचा. तिसऱ्यांदा दोरी मांडतील असं मला एक क्षणभर वाटलं. त्यांनी ती गुंडाळून खांद्यावर टाकली." तिनं चहाचा कप उचलला. "मला हवीय जागा. एकटा जीव असला तरी तो कुठेतरी राहतोच ना?"

थोरल्यानं रंधा उचलला आणि एका फळीवर चालवायला घेतला. आवाजात कुणाला बोलता येईना. थोड्या वेळानं ती टेप गुंडाळून निघून गेली.

आठवडाभर कुणाचा फोन आला नाही. ती रोज कामावर गेली. एका शाळेचं पटांगण मोजलं, एका बाईंची गच्ची मोजली. संध्याकाळी खोलीवर आल्यावर तिला वाटायचं, बोलायला नको होतं. जेवण झालं की वाटायचं, बरं झालं बोलले. झोपताना परत पहिल्यासारखं.

नवव्या दिवशी थोरला कचेरीत आला. काखेत एक फळी होती. फळीवर खिळे मारून, त्यांना सुतळ्या बांधून त्यानं नाना आकार केले होते. त्रिकोण, पंचकोन, लांबट, तिरके. सगळ्या सुतळ्या एकाच मापाच्या.

"आठवडाभर हेच करतोय," तो खुर्चीत बसत म्हणाला. "वाटलं, एखादा तरी लांबट आकार असा सापडेल की ज्यात चौरसाइतकं मावेल. नाही सापडला. उलट गोल केला तर आणखी जास्त मावतं. बाबांनी मला गोल दिला असता तर काय झालं असतं गं?"

"कुरकुऱ्यानं तुझी मान धरली असती."

तो हसला, मग फळीकडे पाहत राहिला. "तुझी वहिनी आठ दिवस माझ्याशी एकच वाक्य बोलतेय. जेवायला वाढताना, झोपताना, दिवा घालवताना. 'त्यांच्या हातात दोरी दिली, जागा नाही दिली.' बस. दुसरं अक्षर नाही." त्यानं फळी टेबलावर ठेवली. "आता मी सांगतो ते ऐक. त्याचे चारशे ऐंशी त्याच्याकडेच राहू देत. माझे आठशे चौसष्ट आपण दोघं निम्मे-निम्मे करू. चारशे बत्तीस तुला, चारशे बत्तीस मला. तिसऱ्या हिश्शापेक्षा तुला सोळा कमी पडतात, पण तेवढे मलाही पडतात."

ती कामाचंच बोलली. "मधोमध रेघ मारली तर तुझ्या छपरीचा कोपरा कापला जाईल."

"तीच तर अडचण आहे. म्हणून तर तुझ्याकडे आलो."

तिनं कोरा कागद ओढला. समभुज चौकोन काढला, दोन्ही कर्ण काढले. ते जिथे एकमेकांना छेदत होते तिथे पेन्सिलीचं टोक टेकवलं. "या बिंदूतून रेघ मार. कुठूनही. आडवी, उभी, तिरकी. दोन भाग सारखेच पडतात."

"कुठूनही?"

"कुठूनही. रेघ फिरवलीस की एका टोकाला माझा जेवढा तुकडा जातो, तेवढाच दुसऱ्या टोकाला मला परत मिळतो."

थोरल्यानं तिच्याकडे संशयानं पाहिलं, कागद कापला, तुकडे एकमेकांवर ठेवले. एक तुकडा अर्धा फिरवला. कडा जुळल्या.

"हे शाळेत सांगितलं असतं ना," तो म्हणाला, "तर मी शाळा सोडली नसती."

पुढच्या रविवारी तिघं भावंडं जागेवर जमली. धाकट्यानं स्वतः वळलेल्या दोन दोऱ्या आणल्या होत्या. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत त्या ताणल्या. त्या एकमेकींना छेदल्या तिथे, लाकडांच्या ढिगाला लागूनच, थोरल्यानं खुंटी ठोकली. मग तिसरी दोरी खुंटीवरून नेऊन दोन टोकांना दोघं भाऊ उभे राहिले आणि ती मधे.

"दादा, तू रस्त्याकडे सरक. कुरकुऱ्या, तू उलटा. आणखी. आणखी थोडं."

दोरी घड्याळाच्या काट्यासारखी फिरत गेली आणि छपरीच्या कोपऱ्याला हातभर मोकळी सोडून थांबली. थोरला जाऊन त्या हातभर फटीतून आडवा चालून आला. छपरी सहीसलामत होती.

मागचा भाग, धाकट्याच्या पट्ट्याला लागून असलेला, तिच्या वाट्याला आला. धाकट्यानं डोकं खाजवलं. "ताई, आपल्या दोघांत भिंत घालायची का?"

"कशाला?"

"भिंत नसली तर तुझ्या अंगणाची मोकळी जागा मला मिळते. घर एकमेकांना लागून बांधलं तर बोळ होणार नाही. मी बांधकामवाल्याला विचारलंय." मग घाईनं म्हणाला, "तुझी जागा तुझीच. मी काही मागत नाही. कुरकुर तर मुळीच नाही."

"आमच्यापेक्षा अठ्ठेचाळीस मीटर जास्त घेऊन बसलायस," थोरला म्हणाला. "एवढी वर्षं कुरकुरलास त्याची मजुरी समज."

भिंत घालायची नाही असं ठरलं. जुनी भिंत पाडायला मात्र तीन महिने लागले, कारण जावांचं म्हणणं होतं की तिच्यावर कोपर टेकून बोलायची सवय झालीय, तेवढी एक हात लांबीची ठेवा. तेवढी ठेवली.

नोंदणीच्या दिवशी तिघंही सरकारी कचेरीत गेली. कारकुनानं नकाशा उलटसुलट फिरवून पाहिला आणि विचारलं, "आकार काय लिहू? आयत?"

"आयत नाही," मोजणीबाई म्हणाली. "समलंब चौकोन."

"लोक आयतच लिहितात बाई. रकान्यात तेवढंच मावतं."

"बारीक अक्षरात लिहा," थोरला म्हणाला. तो इतक्या ठामपणे म्हणाला की कारकुनानं पेन बदललं.

सह्या झाल्या. शिक्के बसायला वेळ होता, म्हणून तिघं बाहेरच्या बाकावर बसली. धाकटा घराच्या दाराविषयी बोलत होता, कुठल्या तोंडाला असावं, ऊन कुठून येईल. थोरल्यानं कानावरची पेन्सिल काढली, एका जुन्या पावतीची कोरी बाजू मांडीवर ठेवली आणि बहिणीकडे वळला.

"तुझ्या घराला खिडक्या किती?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. लोकांच्या घरांच्या खिडक्या तिनं हजारो नकाशांवर काढल्या होत्या. आपल्या घराला किती असाव्यात, हे तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

"मला विचार करायला लागेल," ती म्हणाली.

"कर," थोरला म्हणाला, "सावकाश कर. लाकूड अजून ओलंच आहे."